पणजोबांच्या मागे काय? घराण्याचा शोध कुठून सुरू करावा

रानपाखरू | १२ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक होते, आज पहिला धागा काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही मूळचे वाई तालुक्यातले. आजोबा गिरणीत लागले आणि बिऱ्हाड लालबागला आलं. गावचं घर पडलं, जमीन कुणाकडे गेली ते बाबांनाही नीट माहीत नाही. वडील, आजोबा, पणजोबा एवढीच नावं पाठ, पुढे अंधार. आडनाव असं की गावातली निम्मी घरं त्याच आडनावाची, म्हणजे त्याचाही उपयोग नाही.

हाताशी दोनच गोष्टी आहेत. साताऱ्याची थोरली आत्या (वय ८४, कान उत्तम, तोंड त्याहून उत्तम) आणि पत्र्याच्या ट्रंकेत निघालेले थोडे मोडी कागद. आधी काय करू? कागद वाचून घेऊ, सातबारा काढू, की त्र्यंबकेश्वरला गुरुजींकडे जाऊ? दाखल्याबिखल्यासाठी नाही, निव्वळ हौस आहे. बाबांचं मत: "कशाला मढी उकरतेस?"

---

चहाबाज | १२ मे, रात्री ९:५२

वाचतोय. विषय जवळचा आहे.

---

ओसरी | १२ मे, रात्री १०:३१

आत्या. आधी आत्या, मग आत्या, मग बाकीचं. कागद कुठे पळून जात नाहीत.

पण त्यांना "आपल्या घराण्याचा इतिहास सांग" असं म्हणू नका. "काय सांगायचं बाई, गरिबी होती" म्हणतील आणि विषय संपेल. त्यांना विचारा: सुतक कुणाकुणाचं धरायचो? सोयर कुठल्या घरांचं यायचं? दहा दिवस कुणाचं आणि तीन दिवस कुणाचं? सातबाऱ्यावर दोन घरं कधीच वेगळी झालेली असतात, एकमेकांचं तोंड बघत नसतात, पण सुतक मात्र इमानेइतबारे पाळत असतात. भावकीचा नकाशा तिथे मिळतो. मग गावच्या जत्रेत तुमच्या घराला मान कुठला होता ते विचारा, कुलदैवत, देवक, लग्नात मामा म्हणून कोण उभा राहिला, पहिल्या बाळंतपणाला कोण आलं. माणसाला साल आठवत नाही, प्रसंग आठवतो.

फोनवर रेकॉर्ड करा, पण फोन नाकासमोर धरू नका. भाजी निवडत बसा सोबत.

घरात श्राद्धपक्ष होत असेल तर आणखी एक. महालयाला भटजींसमोर जी नावांची यादी वाचतात, ती बहुतेक घरी एखाद्या वहीच्या मागच्या पानावर असते. नेहमीच्या श्राद्धाला बाप, आजा, पणजा एवढेच. महालयाला मात्र काका, आत्या, मामा, मावश्या, सासू-सासरे, सगळे निघतात.

---

खडूस_आजोबा | १२ मे, रात्री ११:०५

शोध घेण्यापूर्वी निकाल सांगून ठेवतो, वेळ वाचेल. तुमचे पूर्वज मूळचे राजस्थानातले होते. तिथून ते दक्षिणेत आले. मग ते महाराजांच्या खास विश्वासातले सरदार झाले. महाराष्ट्रातल्या यच्चयावत घराण्यांचा इतिहास हाच आहे. चार घास खाऊन गुमान झोपणारा माणूस सतराव्या शतकात जन्मालाच आला नव्हता.

---

सोनसाखळी | १२ मे, रात्री ११:१२

खडूस_आजोबा, खिक्!

---

महसूलवाला | १३ मे, सकाळी ७:२०

नोकरीत बराच काळ हेच केलंय, म्हणून जरा लांब लिहितो.

आजचा ऑनलाइन सातबारा तुम्हाला फार मागे नेणार नाही. तुमच्या भागात जमिनींचं एकत्रीकरण झालं असेल तर आजचा गट नंबर वेगळा आणि आजोबांच्या काळचा सर्व्हे नंबर वेगळा. त्यांची सांगड भूमी अभिलेख कार्यालयातल्या ९(३) ९(४)च्या उताऱ्यावर लागते. तो आधी काढा. मग तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने हस्तलिखित सातबारे. त्यावर नावांच्या शेजारी वर्तुळात आकडे दिसतील. ते फेरफार नंबर. खरा माल तिथे आहे.

फेरफार म्हणजे जमिनीवरचा हक्क बदलल्याची नोंद, गाव नमुना ६. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३चा, त्यामुळे नशीब चांगलं असेल तर विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांपासूनच्या नोंदी मिळतात. "अमुक खातेदार मयत, वारस मुलगे अमुक, विधवा अमुक, मुली अमुक, वर्दी दिल्यावरून नोंद" अशी भाषा असते. एका फेरफारात एक पिढी मोकळी होते. त्यात मागच्या फेरफाराचा उल्लेख असला तर आणखी एक.

काही अक्षरांनी घाबरू नका:

ए.कु.मॅ. = एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाच्या एकट्याच्या नावावर जमीन दिसते म्हणून धाकट्यांना जमीन नव्हती असं समजू नका.
अ.पा.क. = अज्ञान पालन करणार. म्हणजे पोर लहान होतं, बाप गेलेला होता, आणि आई किंवा चुलता सांभाळत होता.
अमुक बिन तमुक, किंवा अमुक वलद तमुक = तमुकचा मुलगा. अमुक कोम तमुक = तमुकची बायको.

अनेक जिल्ह्यांतले जुने अभिलेख आता स्कॅन होऊन महाभूमीच्या संकेतस्थळावर पैसे भरून मिळतात. सगळे नाहीत. उरलेल्यांसाठी नकलेचा अर्ज आणि संयम.

आणि गाव नमुना १४ विसरू नका. कोतवाल बुक म्हणतात ते. गावातल्या जन्ममृत्यूची नोंद. त्यात मरणाचं कारणही असतं, म्हणजे ताप, पटकी, देवी. १९१८च्या इन्फ्लूएंझाच्या सालाची पानं एकदा चाळून बघा. एकाच घरातली नावं एकाखाली एक येतात, सगळ्यांपुढे "ताप".

---

रानपाखरू | १३ मे, सकाळी ९:०२

महसूलवाला, दंडवत! पण आमच्या नावावर आता गावात काहीच नाही. मग नंबर कुठून आणू?

---

महसूलवाला | १३ मे, सकाळी ९:४०

शेजाऱ्याकडून. आत्याला विचारा शेत कुठे होतं, बांधाला कोण होतं. त्या शेजाऱ्याचा नंबर काढा, गाव नकाशात त्याला लागून असलेले नंबर बघा आणि त्यांचे जुने सातबारे मागवा. शेताचं स्थानिक नाव आठवत असेल तर फारच उत्तम. "चिंचेचा माळ", "थोरलं टेक" असलं काहीतरी. जुन्या सातबाऱ्यावर तेही लिहायची जागा असते.

आजोबांची जमीन दुसऱ्याने कसली असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आसपासचे फेरफार बघा. कृषक दिन. कुळं मालक झाली ती त्या तारखेला. मुंबईला गेलेल्या बऱ्याच जणांची जमीन तेव्हा कुळाकडे गेली.

---

गोदाकाठ | १३ मे, दुपारी १:१५

हे सगळं जुन्या मुंबई इलाख्याचं झालं. आमच्या मराठवाड्यात निजाम होता, तिथला मामला निराळा. १९५४-५५चं खासरा पाहणी पत्रक हा आमचा पाया. त्याच्या मागचं उर्दूत किंवा मोडीत. साल फसली (निजामाचं महसुली वर्ष), त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन. शके असेल तर ७८, आणि कागद साधारण पौषापासून फाल्गुनापर्यंतचा असेल तर ७९.

२०२३मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हापासून अभिलेख कक्षांत अशी धूळ उडाली की विचारू नका. काही जिल्ह्यांनी सापडलेल्या नोंदी संकेतस्थळावर टाकल्यात. हौशी माणसाला हा घबाडयोगच. आमच्या वडिलांच्या आजोबांचं नाव मला असंच घरबसल्या दिसलं.

---

खडूस_आजोबा | १३ मे, दुपारी १:३०

म्हणजे हल्ली वंशावळ ही मुलाच्या ॲडमिशनसाठी करायची गोष्ट आहे तर.

---

गोदाकाठ | १३ मे, दुपारी १:४८

आहेच. आणि त्यात लाजायचं काय? ओबीसीच्या पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. तो काढता काढता आमच्या पोराला पणजोबाचं नाव कळलं. नाहीतर त्याला क्रिकेट टीमच्या बाराव्या खेळाडूचं नाव पाठ होतं, पणजोबाचं नव्हतं.

---

पंचगंगा | १३ मे, संध्याकाळी ६:०६

आमच्याकडं कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यात हेळवी येतात की. सुगी झाली की बैलावर बसून दारात यायचे, आता गाडीवरनं येतात. आख्ख्या भावकीची वंशावळ घडाघडा म्हणतात, कोण कुठल्या गावातनं आला, कुणाला किती पोरं. नवीन जन्मलेल्यांची नावं लिहून घेतात, धान्य घेतात, पुढच्या दारात. आमच्या आज्जीनं त्यांच्यासमोर नातवाचं नाव घातलं, तेव्हाच तिला तो घरचा झाला असं वाटलं.

वाईकडं येतात का म्हाईत नाही. आत्यांना विचारा.

---

तीर्थाटन | १३ मे, रात्री ८:२२

त्र्यंबकेश्वर-नाशिकबद्दल. जरूर जा, पण शेवटी जा. तीर्थोपाध्यायांच्या वह्या आडनावापेक्षा गाव, तालुका, जात यावर लावलेल्या असतात आणि गावं गुरुजींमध्ये वाटलेली असतात. पोचल्यावर आधी "आमच्या गावचे गुरुजी कोण" ते शोधावं लागतं. मग वही निघते. तुमच्या घरातलं कुणी अस्थी घेऊन किंवा सिंहस्थाला आलं असेल तर त्याने स्वतःच्या हाताने लेख लिहिलेला असतो: मी, माझे भाऊ, वडील, आजे, मुलं. पणजोबांची सही बघायला मिळू शकते. नसेल आलं कुणी, तर वहीत काही नाही. निराश होऊ नका, पंढरपूर, गोकर्ण, काशी, गया इथेही विचारता येतं.

हाताशी आधी तीन-चार भावांची, चुलत्यांची नावं असू द्या. नुसत्या आडनावावर गुरुजी जे पान दाखवतील ते आपलंच वाटायला लागतं.

हरिद्वारच्या आणि आणखी काही तीर्थांच्या वह्यांची छायाचित्रं फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट आहेत.

---

बोधितरू | १३ मे, रात्री १०:४७

धागा छान चाललाय, पण एक खडा टाकतो.

वह्या, कुलवृत्तांत, मानाच्या पालख्या हे सगळं ज्यांना देवळात घेत होते त्यांचं. त्र्यंबकच्या कुठल्या वहीत आमचं पान असणार? माझ्या आजोबांना आडनाव शाळामास्तरांनी लावलं. त्याच्या मागे नुसती नावं, नाकान्त. रायनाक, सोननाक. भीमा कोरेगावच्या स्तंभावर आहेत तशी. त्यामुळे "घराणं" म्हटलं की माझ्या कपाळाला आठीच पडते. कित्येकदा हा शोध म्हणजे आपण किती वरचे होतो याचा पुरावा गोळा करणं असतं.

तरी मी केला. का ते मलाही सांगता येत नाही. महसूलवाल्यांनी सांगितलेलाच रस्ता. महार वतन १९५८च्या कायद्याने गेलं, मग त्या जमिनी किंमत भरून परत दिल्या. त्या वेळच्या फेरफारात वतनातल्या सगळ्या भाऊबंदांची नावं बापासकट आहेत. ज्या वतनाने पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेतलं, त्याच वतनाच्या कागदाने मला खापरपणजोबा दिले. हसावं की काय कळेना.

बाकीचं आजीच्या ओव्यांत होतं. तिच्या सासूचं नाव, तिच्या माहेरचं गाव. ती जात्यावर म्हणायची ते आम्ही कुणी लिहून घेतलं नाही.

---

ओसरी | १३ मे, रात्री ११:२०

बोधितरू, हे इथे लिहिलंत ते बरं केलंत.

---

खडूस_आजोबा | १४ मे, सकाळी ६:५०

बोधितरू यांच्याशी सहमत. माझ्या सरदारांच्या विनोदाचा खरा अर्थ त्यांनी सांगितला.

---

सोनसाखळी | १४ मे, सकाळी १०:१५

बायकांचं काय पण? आमच्या सासरच्या कुलवृत्तांतात माणसं नावानिशी आणि बायका "कन्या २". माझ्या आजेसासूबाईंचं माहेरचं नाव द्वारका, सासरी लक्ष्मी केलं, आणि कागदावर "कोम अमुक". तीन नावांत एक बाई हरवली.

माझा तोडगा सांगते. माळ्यावरची भांडी उतरवा. घंगाळ, तपेली, पितळी डबे, कळशा. त्यावर टिंबाटिंबांनी नाव घातलेलं असतं. लग्नात आलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव आणि गाव, कधी साल. आजेसासूबाईंच्या वडिलांचं नाव मला एका परातीवर मिळालं. ज्या घरात एक चिठ्ठी धड जपली नाही, त्या घरात परात मात्र कुणी मोडीत काढली नव्हती.

लग्नपत्रिका असतील तर त्याही. निमंत्रकांची रांग म्हणजे त्या सालची भावकीची हजेरी. कुणाचं नाव एका पत्रिकेत आहे आणि पुढच्या पत्रिकेत नाही, तर मधल्या काळात काहीतरी बिनसलंय!

---

चहाबाज | १४ मे, सकाळी १०:२१

परातीला +१.

---

मांडवी | १४ मे, दुपारी ३:३०

गोव्याकडच्यांसाठी थोडं. पणजीचं पुराभिलेखागार १५९५चं, कागद पोर्तुगीजमध्ये. ख्रिस्ती घरांसाठी चर्चची बाप्तिस्मा, लग्न, मृत्यूची रजिस्टरं. हिंदूंसाठी देवस्थानाच्या महाजनांच्या याद्या. ज्यांची घराणी पोर्तुगीज काळात कोकणात, कारवारकडे गेली, त्यांना मूळ गाव कुलदेवावरून लागतं. आणि देव स्वतःसुद्धा हललेत हे लक्षात ठेवा. मंगेशाचं मूळ ठिकाण कुठ्ठाळी, १५६०मध्ये तो अंत्रुज महालात (आजच्या फोंड्याकडे) आणला. देवळाच्या आजच्या पत्त्यावर मूळ गाव शोधत बसू नका.

---

टेम्सकाठचा_बाब्या | १४ मे, संध्याकाळी ५:५५

अवांतर: माझा इथला सहकारी मॉरिशसचा, आडनाव अस्सल मराठी, घरी गणपती. त्याला त्याचा पूर्वज आमच्यापेक्षा सोपा सापडला. गिरमिटियांना, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांना, नंबर द्यायचे. मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ती रजिस्टरं आहेत. बापाचं नाव, गाव, जात, आणि काहींचे फोटोसुद्धा. अडचण एकच, गावाचं नाव साहेबाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय. रत्नागिरीचं स्पेलिंग बघून मी अर्धा तास हसत होतो. आता तो मला विचारतोय "हे गाव कुठलं" आणि मी नकाशा घेऊन बसलोय.

रानपाखरू, सातारा जिल्हा म्हणजे कुणीतरी पलटणीत असणारच. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर पहिल्या महायुद्धात पडलेल्यांची नावं शोधता येतात, बऱ्याच ठिकाणी बापाचं नाव आणि गावही आहे. मराठा पलटणींतले कितीतरी जण बसऱ्याच्या स्मारकाच्या नामावलीत आहेत. गावात चावडीपाशी संगमरवरी पाटी आहे का बघा, "या गावातून इतके लोक महायुद्धास गेले" अशी.

---

नवा_सदस्य | १४ मे, संध्याकाळी ७:१०

एवढं कशाला? थुंकी पाठवून डीएनए करून घ्या, सगळं कळतं.

---

टेम्सकाठचा_बाब्या | १४ मे, संध्याकाळी ७:२५

केलंय. "तुम्ही पश्चिम भारतातले आहात" असं कळलं. ते आईनेही फुकट सांगितलं असतं.

---

बोरूबहाद्दर | १४ मे, रात्री ९:००

मोडीबद्दल कुणी बोललंच नाही. ट्रंकेतले कागद शे-दीडशे वर्षांतले असतील तर आंग्लकालीन मोडी, टाकाने लिहिलेली. शिवकालीन कागदांपेक्षा बरीच सोपी. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो, पण मजकूर ठरावीक असतो. खरेदीखत, गहाणखत, कर्जरोखा, वाटणीपत्र, पावती. दहा कागद वाचले की अकराव्याचा मायना आपोआप येतो. पुण्या-मुंबईत मोडीचे वर्ग चालतात, शिकून घ्या. वाचून देणारेही पानावर पैसे घेऊन देतात.

दोन विनंत्या. कागद लॅमिनेट करू नका! चिकटपट्टी लावू नका. सपाट ठेवून दिवसाच्या उजेडात फोटो काढा, दोन्ही बाजूंचे. मागच्या बाजूला बहुतेकदा कागद कशाचा ते लिहिलेलं असतं.

पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे पेशवे दफ्तरात, सुमारे चार कोटी कागद आहेत म्हणतात. तिकडे धावायची घाई नको. घरात इनाम, वतन असेल तरच तिथे नाव मिळायची शक्यता. तुमच्यासारख्यांना तहसीलच पंढरपूर.

---

रानपाखरू | २९ मे, रात्री ९:१५

परत आले! धागा वर काढतेय.

ओसरींचं ऐकलं. आत्याकडे राहिले, गवार निवडली आणि सुतकाचं विचारलं. ती म्हणाली, "जावळीकडच्या त्या घराचं धरायचो की. तुझ्या पणज्याचा चुलता तिकडं घरजावई गेला, मग तिकडचाच झाला." बाबांना याचा पत्ताच नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे आत्याशी वाद घातला, हरले, आणि आता तेच फोन करून जावळीतलं घर शोधताहेत. मढी उकरण्याबद्दल काही बोलत नाहीत.

सोनसाखळी, घंगाळ सापडलं! "शके १८४५", देणाऱ्याचं नाव आणि गाव. ते पणजीचे वडील, म्हणजे १९२३-२४चं लग्न. पणजीचं माहेर इतकी वर्षं आमच्या बाथरूमच्या माळ्यावर होतं.

शाळेचं जनरल रजिस्टरही बघितलं. आजोबांची जन्मतारीख १ जून.

---

खडूस_आजोबा | २९ मे, रात्री ९:२३

माझीही. आमच्या मास्तरांनी सगळा वर्ग एकाच दिवशी जन्माला घातला.

---

बोरूबहाद्दर | २९ मे, रात्री ९:३०

कागद?

---

रानपाखरू | २९ मे, रात्री ९:५१

बहुतेक पावत्या. एक मोठा निघाला. वाचून देणारे काका म्हणाले, गहाणखत. पणजोबांनी "थोरलं टेक" नावाचं शेत वाईच्या एका सावकाराकडे मुदतीवर गहाण टाकलंय. पुढे सोडवलं का, ते कुठेच नाही. जमीन गेली ती अशी गेली असावी. हे कुठे कळेल?

---

महसूलवाला | ३० मे, सकाळी ७:०५

कागदाच्या मागे नोंदणीचा शिक्का आणि क्रमांक आहे का बघा. असेल तर दस्त दुय्यम निबंधकाच्या जुन्या बुकात मिळेल. सूची एक माणसांच्या नावावरून लावलेली असते, सूची दोन मिळकतीवरून. शेताचं नाव आता हातात आलंय, तेव्हा दोन्हीकडून शोधा. सोडवलं असेल तर पुढे गहाण फेडल्याचा दस्त किंवा फेरफार हवा. नसेल तर सावकाराच्या नावाचा फेरफार सापडेल, त्याला पर्याय नाही.

---

खडूस_आजोबा | ३० मे, सकाळी ७:३०

सावकाराचे वारस हा धागा वाचत असतील तर त्यांनी कृपया शेत परत करावे.

---

चहाबाज | ३० मे, सकाळी ८:१२

रानपाखरू, सावकाराचं नाव जरा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करता का? आमचे पणजोबा वाईला देवघेव करायचे. त्यांच्या खतावण्या आमच्याकडे पोत्यात आहेत. मी पहिल्या दिवसापासून उगाच वाचत नव्हतो.